गाठीत सुई घालण्याआधी

चार महिन्यांची मुलगी आजीच्या मांडीवर होती आणि तिची आई खोलीच्या दाराशी अंग चोरून उभी. बाळाच्या उजव्या गालावर, कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी निळसर, मऊ गाठ. मी सोनोग्राफीच्या प्रोबवर जेल घेत होते, तेवढ्यात आजींनी सुरुवात केली. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं, हिला म्हटलं होतं घरात गप्प बसून राहा, पण हिने विळी हातात घेतलीच. आई काही बोलली नाही. हे तिने चार महिन्यांत किती वेळा ऐकलं असेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी आईला पुढे बोलावलं, बाळाला पाजायला सांगितलं आणि ते पीत असतानाच तपासणी उरकली. दहा मिनिटांत निदान हाती आलं: हिमॅन्जिओमा, म्हणजे तान्ह्या बाळांना होणारी रक्तवाहिन्यांची साधी वाढ. कर्करोग नव्हे. त्यांच्याकडे आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, गाठीत सुई घालून नमुना घ्यावा. त्या सुईची गरजच उरली नाही.

डोकं, चेहरा आणि मान इथल्या रक्तवाहिन्यांचे दोष हे माझं रोजचं काम आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगत आले आहे. या भागात निळसर, तांबडी, मऊ, गरम किंवा ठोके देणारी गाठ असेल, तर तिच्यात सुई, चाकू किंवा दात काढायचा चिमटा जाण्याआधी तिच्या आत रक्त आहे का आणि असलं तर ते धावतंय की साचलंय, हे बघून घ्या. हे कळायला बहुतेक वेळा साधी कलर डॉप्लर सोनोग्राफी पुरते. तालुक्याच्या गावीही ती आज होते.

रक्त धावतं की साचतं हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते शेताच्या पाण्यावरून चटकन समजेल. धमनी म्हणजे पाट. पाटाचं पाणी जोराने येतं, मग चाऱ्यांत, सऱ्यांत, वाफ्यांत पसरतं, मातीत मुरतं आणि उरलेलं संथपणे ओढ्याला लागतं. शरीरातले वाफे म्हणजे केसाहून बारीक अशा केशवाहिन्या आणि ओढा म्हणजे शिरा. काही जणांच्या गालात, जबड्यात किंवा टाळूच्या कातडीखाली जन्मापासून मधले वाफेच नसतात. पाट फुटून थेट ओढ्यात कोसळावा, तसं धमनीतलं जोराचं रक्त सरळ शिरेत घुसतं. हा वेगाच्या प्रवाहाचा दोष, डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. दुसऱ्या काही जणांत पाट आणि वाफे ठीक असतात, पण ओढ्यालाच डबकी पडलेली असतात आणि त्यांत रक्त साचून राहतं. हा संथ प्रवाहाचा दोष, व्हीनस मालफॉर्मेशन. दोन्हींचे उपचार वेगळे, धोके वेगळे, घाई किती करायची तेही वेगळं. वरून मात्र दोन्ही गाठी जवळजवळ सारख्याच दिसू शकतात.

नावांचा घोळ इथूनच सुरू होतो. पूर्वी लाल-निळं काहीही दिसलं की त्याला हिमॅन्जिओमा म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. १९८२ मध्ये बॉस्टनच्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी पेशींचा अभ्यास करून दाखवून दिलं की ही दोन वेगळी कुळं आहेत. एका कुळात पेशी खरोखर वाढतात. ही गाठ जन्मानंतर काही आठवड्यांत उगवते, झपाट्याने फुगते आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरते. तो खरा हिमॅन्जिओमा. दुसऱ्या कुळात रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली असते. ती जन्मापासून असते, मुलाबरोबर वाढते आणि कधीच आपोआप जात नाही. जगभरचे तज्ज्ञ आज याच विभागणीने चालतात. तरीही पंचवीस वर्षांच्या माणसाच्या ओठावरच्या निळ्या गाठीला ‘हिमॅन्जिओमा’ म्हटलेले अहवाल अजून माझ्यासमोर येतात. तुमच्या अहवालात मोठ्या माणसाच्या बाबतीत हा शब्द आला असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, ही वाढ आहे की घडणीतला दोष? या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही.

आणि हो, ग्रहण, विळी, राहून गेलेले डोहाळे यांचा या कशाशी काडीचाही संबंध नाही. घडणीतल्या दोषांत गर्भ तयार होत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात बदल होतो आणि बहुतेक वेळा तो आईकडून किंवा बापाकडून आलेला नसतो. चेहऱ्यावर जन्मापासून असणारा, दारूच्या रंगाचा सपाट तांबडा डाग घ्या. त्यामागचा जनुकातला बदल २०१३ मध्ये सापडला आणि तोही असाच, गर्भातच नव्याने घडलेला. आईला दोष देणाऱ्या घरात उपचाराला उशीर होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बोलणी टाळण्यासाठी ती बाळाचा गाल पदराखाली झाकते आणि गाल झाकला की तो कोणी डॉक्टर बघत नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत वेळ फार मोलाची आहे. हिमॅन्जिओमा सर्वांत वेगाने वाढतो तो साधारण पाच ते सात आठवड्यांच्या सुमारास आणि तीन-पाच महिन्यांत त्याची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. आपल्याकडे नेमक्या याच काळात बाळ-बाळंतीण माहेरी असतात. सव्वा महिना बाहेर काढायचं नाही, मग बारसं, मग ‘सासरी गेल्यावर तिकडच्या डॉक्टरांना दाखवू’. तिकडे पोचेपर्यंत तिसरा महिना उलटतो आणि जो ठिपका औषधाने जागीच थांबला असता त्याने पापणी झाकलेली असते किंवा ओठावर जखम झालेली असते. म्हणून डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, कानावर किंवा हनुवटीखाली डाग दिसला, तर बाळ महिन्याचं व्हायच्या आतच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना बाळ उघडं करून दाखवा. अगदीच राहिलं, तर दीड महिन्याच्या लसीचा दिवस तरी चुकवू नका.

या गाठीवर आज चांगलं औषध आहे. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना दिलं जाणारं जुनं औषध. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांनी ते दुसऱ्या कारणासाठी बाळांना दिलं, तेव्हा हिमॅन्जिओमा मावळताना दिसला. २००८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि या आजाराचा उपचारच बदलला. मात्र हे औषध घरच्या घरी सुरू करायचं नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातली साखर त्याने उतरू शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि अंगावर पाजूनच द्यायचं असतं. बिब्बा, चुना, कसला लेप असं काहीही त्या डागावर लावू नका. बिब्ब्याने कातडी जळते, हिमॅन्जिओमावर जखम होते आणि ती भरायला आठवडे लागतात.

प्रत्येक तांबड्या ठिपक्याला स्कॅन लागतो का? नाही. वरवरचा, तुतीसारखा लालचुटूक, लहान हिमॅन्जिओमा अनुभवी डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी ओळखतात. तिथे पैसे घालवू नका. त्याऐवजी घरी एक काम करा. दर आठवड्याला, दिवसाच्या उजेडात, डागाशेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा. फोन तारीख आपोआप नोंदवतो. हे सहा-आठ फोटो मला कित्येकदा महागड्या तपासणीहून जास्त सांगतात, कारण गाठ कोणत्या आठवड्यात उगवली आणि कशी वाढली यावर अर्धं निदान उभं असतं.

स्कॅन कधी लागतो ते आता सांगते. गाठ कातडीच्या आत खोल असेल, नुसतीच निळसर दिसत असेल, तर डॉप्लर. कातडीवर पाच किंवा अधिक हिमॅन्जिओमा असतील, तर पोटाची सोनोग्राफी, कारण यकृतातही ते असू शकतात. चेहऱ्याचा किंवा डोक्याचा मोठा पट्टा, पाच सेंटिमीटरहून जास्त, तांबडा झाला असेल, तर डोक्याचा आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय, हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी, कारण अशा काही बाळांत मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आणि हृदयाजवळची महाधमनी यांतही दोष असतात. पुरुषांना दाढी येते त्या भागात डाग पसरला असेल आणि बाळ श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज करत असेल, तर श्वासनलिकेत गाठ असू शकते. तिथे एक दिवसही थांबायचं नाही. कपाळ आणि वरची पापणी व्यापणारा सपाट तांबडा डाग असेल, तर डोळ्यातला दाब तपासून घ्या आणि मेंदूच्या एमआरआयबद्दल विचारा. अशा मुलांपैकी काहींना फिट्स येतात.

आता सोनोग्राफीच्या टेबलाशेजारी माझ्याबरोबर थोडं उभे राहा. कलर डॉप्लर लावला की पडद्यावर लाल आणि निळे ठिपके उमटतात आणि आई-वडील लगेच विचारतात, लाल म्हणजे चांगलं रक्त का? तसं नसतं. लाल म्हणजे प्रोबच्या दिशेने येणारं रक्त आणि निळं म्हणजे लांब जाणारं. यंत्राचा आवाज चालू केला की खरा फरक कानांना कळतो. धमनीचा आवाज फटके मारल्यासारखा, ठोक्याठोक्याला येणारा. शिरेचा आवाज वाऱ्यासारखा, संथ. ज्या गाठीत फटक्यांचे आवाज ठिकठिकाणी येतात आणि शिरेतूनही तसाच ठोका ऐकू येतो, ती वेगाच्या प्रवाहाची.

संथ गाठीत मात्र तपासणाऱ्याचा हात हलका लागतो. प्रोब जरा दाबला की आतलं रक्त पिळून निघतं आणि पडदा काळा पडतो. मग ‘रक्तप्रवाह आढळला नाही’ असा अहवाल जातो. कॉलेजात शिकणारा एक मुलगा असाच अहवाल घेऊन आला होता. शेतात वाकून काम केलं की त्याचा डावा गाल फुगायचा, उभा राहिला की ओसरायचा. मी त्याला आडवं झोपवून, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवायला सांगितलं, गालावर जेलचा जाड थर घातला, प्रोब नुसता टेकवला आणि त्याला तोंड मिटून जोर करायला लावला. काळ्या पोकळ्या भरू लागल्या, त्यांत रंग झिरपला. मधोमध दोन-तीन जोंधळ्याच्या दाण्यांएवढे पांढरे खडे होते. साचलेलं रक्त गोठून पुढे त्याचे असे खडे बनतात. असे खडे दिसले की व्हीनस मालफॉर्मेशनचं निदान जवळजवळ पक्कं होतं. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा: रडल्यावर, वाकल्यावर, खोकल्यावर गाठ वाढते का, सकाळी उठल्यावर ती मोठी असते का. हे सांगितल्याशिवाय तपासणाऱ्याला ते सुचेलच असं नाही.

मानेच्या बाजूला पाण्याच्या फुग्यासारखी मऊ गाठ, अंधारात मागून बॅटरी लावली तर उजळणारी, ही बहुधा लसिकावाहिन्यांची असते. तिच्यात रक्त नसतं. सर्दी-खोकला झाला की ती एका रात्रीत दुप्पट होते, घरचे घाबरतात. तिच्या पोकळ्या मोठ्या आहेत की बारीक, एवढं सोनोग्राफीत बघून घ्यावं, कारण मोठ्या पोकळ्यांवर इंजेक्शनचा उपचार चांगला लागू पडतो.

वेगाच्या प्रवाहाच्या गाठीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण जीव जातो तो इथे.

चौदा वर्षांच्या एका मुलाची फाइल माझ्या लक्षात राहिली आहे. खालच्या जबड्यातली एक दाढ हलत होती. त्याच बाजूच्या हिरडीतून महिनोन्‌महिने रक्त यायचं, सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असायचे. घरच्यांना वाटलं, ब्रश नीट करत नाही. एका दवाखान्यात ती दाढ काढली आणि रक्ताचा फवारा आला. तिथल्या डॉक्टरांनी प्रसंगावधान राखून काढलेली दाढ परत त्याच खड्ड्यात दाबून बसवली, वर कापसाचे बोळे ठेवून जबडा घट्ट मिटायला लावला आणि तसंच त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. त्यामुळे तो वाचला. सीटी अँजिओग्राफीत जबड्याच्या हाडातच धमनी आणि शीर यांचं जाळं निघालं. पुढे जांघेतून बारीक नळी घालून ते जाळं आतून बंद केलं. दाढ काढण्याआधी तोंडाचा ओपीजी एक्स-रे काढला असता, तर हाडातली पोकळी बहुधा दिसली असती. निदान गालावर बोटं ठेवली असती, तर थरथर लागली असती.

ही परीक्षा तुम्ही घरीसुद्धा करू शकता. गाठीवर तळहात हलकाच ठेवा. आसपासच्या कातडीपेक्षा ती गरम लागते का? मांजर गुरगुरताना तिच्या अंगावर हात ठेवावा तशी थरथर जाणवते का? शांत खोलीत उशीवर डोकं टेकल्यावर कानात ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येतो का? यातलं एक जरी ‘हो’ असेल, तर दाताचा कुठलाही उपचार, कान टोचणं, फोड फोडणं, गाठीचा तुकडा तपासायला पाठवणं, हे सगळं डॉप्लर होईपर्यंत थांबवा. वयात येताना, गरोदरपणात आणि मार लागल्यावर ही गाठ अचानक वाढते, हेही ध्यानात असू द्या.

याच गाठींत एक जुनी चूक अजून होते. गाठीला रक्त पुरवणारी मोठी धमनी बांधून टाकायची. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाट अडवला तरी ओढ्याची ओढ कायम असते, पाणी बांधाखालून, शेजारच्या चारीतून वाट काढतंच. काही महिन्यांत दहा नवे फाटे फुटतात आणि आता नळी घालून आत पोचायची सोपी वाटही बंद झालेली असते. कोणी ‘नस बांधून टाकू’ असं सुचवलं, तर सही करण्याआधी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे नळी घालून आतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, मत घ्या.

डॉप्लरने प्रवाह कळतो, पण गाठ किती खोल गेली आहे, जिभेत, डोळ्यामागे, घशाजवळ, चेहऱ्याच्या नसेपाशी, ते कळायला एमआरआय लागतो. चिठ्ठी ‘एमआरआय फेस’ एवढीच नको. चेहरा आणि मान, कॉन्ट्रास्टसह, चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेली चित्रं आणि रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, असं त्यावर असावं. गालात भरपूर चरबी असते आणि एमआरआयमध्ये ती गाठीसारखीच पांढरी दिसते. ती दाबली नाही, तर गाठीची कड ओळखू येत नाही आणि तोच एमआरआय पुन्हा करावा लागतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, हा मोठा फायदा. अडचण एवढीच की अर्धा-पाऊण तास अजिबात हलायचं नाही आणि यंत्र घणाचे घाव घातल्यासारखं वाजतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांना मऊ आवरण लावून झोपेतच तपासणी होऊ शकते. केंद्रात हे करतात का, ते आधी विचारा, भूल टळेल. त्याहून मोठ्या लहान मुलांना बहुधा भूल किंवा गुंगी लागते. त्यासाठी उपाशीपोटी ठेवण्याचे नियम काटेकोर पाळा. सहसा जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. मूल रडतं म्हणून आजी हळूच बिस्किट भरवते आणि मग भूलतज्ज्ञ तपासणी पुढे ढकलतात. तो निर्णय बाळाच्या जिवासाठी असतो, त्यांच्याशी वाद घालू नका. मुलाला ताप, सर्दी, छातीत घरघर असेल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा.

आणि धातू. यंत्र गप्प असलं तरी त्यातलं चुंबक सतत चालूच असतं. बाळाच्या कमरेचा करगोटा, वाळे, बिंदल्या, दृष्टीचा ताईत, झबल्याची पिन हे सगळं घरीच काढून या. बाळाबरोबर खोलीत थांबणाऱ्या आईनेही मंगळसूत्र, जोडवी, हेअरपिना, पदराला लावलेली सेफ्टीपिन, मोबाइल, एटीएम कार्ड बाहेर ठेवायचं. काजळात आणि सुरम्यात धातूचे कण असू शकतात, ते पुसून या. पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, यांपैकी काही असेल तर ते विचारायची वाट न पाहता सांगा. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्या बाबांनी मुलासोबत आत जाण्याआधी हे नक्की सांगावं.

एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, गॅडोलिनियमचं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ते देण्याआधी रक्ताची तपासणी करतात. गरोदर असाल तर सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईला ते दिलं तरी सहसा पाजणं थांबवावं लागत नाही.

सीटी स्कॅनचं काम वेगळं आहे. काही मिनिटांत होतो, हाड उत्तम दाखवतो आणि जोराचा रक्तस्राव चालू असताना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जबड्यातली गाठ, अपघात, अचानक आयुष्यात कधी नव्हती एवढी प्रचंड डोकेदुखी, तिथे सीटीच आधी. पण त्यात क्ष-किरण आहेत. डोक्याच्या एका साध्या सीटीमधून साधारण २ मिलिसिव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून, म्हणजे माती, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. एका गरजेच्या सीटीला घाबरायचं कारण नाही. मात्र लहान मुलाची संथ गाठ सोनोग्राफी आणि एमआरआयने पुरेशी दिसत असेल, तर ‘एकदा सीटीपण करून टाकू’ याला नम्रपणे नकार द्यायला हरकत नाही. सीटी आणि एक्स-रेच्या यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो केंद्राकडे आहे का ते तुम्ही विचारू शकता. सीटीचं कॉन्ट्रास्ट आयोडीनचं असतं. त्याची पूर्वी रिअ‍ॅक्शन आली असेल, दमा असेल, मूत्रपिंड अशक्त असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर आधीच सांगा.

उरली डीएसए, म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं पहिलं चित्रण १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी केलं. आजही वेगाच्या प्रवाहाच्या दोषात तिच्याएवढं नेमकं चित्र दुसरं कशातच मिळत नाही. पण ती शरीरात शिरणारी तपासणी आहे आणि तिच्यात पक्षाघाताचा थोडासा का होईना धोका असतो. म्हणून केवळ बघण्यासाठी ती करू नये. उपचार ठरला असेल, नकाशा हवा असेल, तेव्हाच करावी, जमल्यास उपचाराच्याच बैठकीत. संथ गाठींना तिची गरज बहुधा पडत नाही.

मोठ्या माणसांबद्दल दोन गोष्टी. वयस्कर, रक्तदाब असलेल्या बायकांना कधी कधी उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर ठोके देणारा फुगवटा दिसतो. बहुतेक वेळा ती वयाने वेडीवाकडी झालेली धमनी असते, डॉप्लरने पाच मिनिटांत कळतं आणि काहीही करावं लागत नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट, दुर्लक्ष न करण्याची. मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला, टाके घालून घरी आलात आणि काही दिवसांनी एक डोळा लाल होऊन पुढे येऊ लागला, डोक्यात ठोक्याबरोबर आवाज यायला लागला, तर तो डोळे आल्याचा प्रकार समजून थेंब घालत बसू नका. डोळ्यामागे धमनी फुटून शिरेला जोडली गेलेली असू शकते. त्याच दिवशी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी होईल अशा रुग्णालयात जा. डोळा वाचण्याची वेळ मोजकी असते.

सुई किंवा तुकड्याची तपासणी मुळात वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. बाळाच्या गाठीचं वागणं हिमॅन्जिओमासारखं नसेल, ती कडक असेल, वर्षानंतरही वाढतच असेल, तर आत दुसराच, गंभीर आजार असू शकतो आणि तिथे तुकडा घ्यावाच लागतो. फक्त तो आतला रक्तप्रवाह माहीत करून घेऊन, जिथे रक्तस्राव आवरता येईल अशा शस्त्रक्रियागृहात घ्यावा.

तपासणी झाल्यावर नुसत्या फिल्म आणि दोन पानांचा अहवाल घेऊन घरी जाऊ नका. सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळी मूळ चित्रं मागा. फिल्मवर निवडक चित्रं असतात आणि दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना त्यातून थरामागून थर बघता येत नाही. सीडी मिळाल्यावर ती तिथेच संगणकावर उघडते का ते पाहा आणि तिची एक प्रत करून ठेवा.

शेवटी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवा: दोषाचं नाव, तो शरीरात कुठे आहे, प्रवाह वेगाचा आहे की संथ आणि शेवटचा एमआरआय कधी झाला. मुलगी असेल, तर ते पान तिच्या लग्नानंतरही तिच्याजवळच राहू द्या. दाताचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि बाळंतपणाचे डॉक्टर, या तिघांना कुठल्याही उपचाराआधी ते पान दाखवा.